दुसऱ्या खेपेले काय बोलावं

रविवार, १० नोव्हेंबर

वैशालीनं आज ब्रिजच्या डावात मले चौघात उघडं पाडलं. तीन बिनहुकूम बोलली, दोन हात कमी पडले, अन् वरून माह्याकडं पाह्यलंही नाही. सून हाय का कोन हाय. तीन वर्सं भिडू म्हनून समोर बसवली, तर एवढं समजू नये तिले का बुढीच्या हातात काय असन. माहे पत्ते टेबलावर मांडले तेव्हा निस्तं ‘थ्यांक्यू, आई’ म्हनली. ब्रिजमधी भिडूचे पत्ते उघडे झाले का असं म्हनाव लागते, रीत हाय. पन ते थ्यांक्यू मले चापटीवानी लागलं.

इंगळे साहेबानं सांगतलं, ताई, अडचनीचा हात आला का लिहून ठेवत जा, मंग सुचते. म्हनून ही वही. नातीची, गौरीची, मागच्या वर्साची हाय, अर्ध्या पानात भागाकार हायेत. हात असा:

इस्पिक – सत्ती, एकटीच
बदाम – एक्का, रानी, नव्वी, चव्वी
चौकट – राजा, अठ्ठी, तिर्री
किल्वर – एक्का, दश्शी, छक्की, पंजी, दुर्री

एक्क्याचे चार, राजाचे तीन, रानीचे दोन, असे गुन तेरा. मी एक किल्वर बोलली. पाच किल्वर हायेत, खोटं काय त्याच्यात. साहेब पास. वैशाली एक इस्पिक. शाळेचा मास्तर पास. अन् मी अडकली.

पुन्हा किल्वर म्हनाव तर तिले वाटन सहा हायेत, भारी हायेत. बिनहुकूम म्हनाव तर तिले वाटन सगळ्या रंगाचं थोडं थोडं हाय, अन् तिच्याच इस्पिकची माह्याजवळ एक सत्ती. राह्यले बदाम. चार बदाम, एक्का-रानीचे. मी दोन बदाम बोलली. हायेत ते सांगतले.

साहेब मंग समजावून राह्यले. म्हने, ताई, बदाम खरे होते, पन त्या जागी दोन बदाम बोलनं म्हनजे हातात लय जोर हाय असं सांगनं. सोळा-सतरा गुन. सून तुमच्या जोरावर वर गेली. तिची काय चूक.

म्हनजे खरं सांगूनही लबाडी माहीच.

रस्त्यानं येताना वैशाली पुढं अन् मी मागं. घराजवळ आल्यावर म्हनली, आई, रात्री भरीत करू का. एवढंच. भरीत मले आवडते ते तिले माहीत हाय. म्हनजे रागात नव्हती. मंग पाह्यलं काहून नाही माह्याकडं.

मंगळवार, १२ नोव्हे.

हरभरा पेरून झाला. बटईवाल्याले सांगतलं, पाटाजवळचा कोपरा सोडू नको. मान हलवली. सोडनारच तो.

वहीत जागा हाय म्हनून हेही लिहून राह्यली. माहा लेक दिनेश गेला त्याले चार वर्सं झाली. त्याच्यामागं वैशाली सात-आठ महिने दाराबाहेर निघाली नाही. शिलाई मशीन अन् चूल, चूल अन् मशीन. साहेब तेव्हाच नोकरी संपवून इथं कामरगावले आले होते. पाटबंधाऱ्यातले मोठे साहेब, बायको वारलेली, अन् ब्रिजले चौथा मानूस भेटेना. मास्तर होताच त्यायच्या ओसरीवर. मी म्हनली मी येतो, मेंढीकोट लहानपनापासून खेळली, पन मले एकटीले समजनार नाही, सून संग येईन. समजत होतं मले. तिले बाहेर काढायची होती.

पहिल्या महिन्यात लय लाज गेली माही. आमच्या मेंढीकोटात खुना असते. डोईवरचा पदर पुढं ओढला का बदाम, कान खाजवला का हुकूम माह्याजवळ. खुना नसन तर मेंढीकोट खेळाव कायले. तिथंही मी पदर ओढला. साहेबानं हातातले पत्ते खाली ठेवले. म्हने, भिडूले जे सांगायचं ते बोलीतून सांगायचं, चौघायच्या समोर. बाहेरून सांगनं म्हनजे चोरी. चोरी शब्द वापरला. मी आठ दिवस गेली नाही. नवव्या दिवशी वैशाली चप्पल घालून उभी. चला आई, तुमच्याबिगर मले समोर कोन हाय.

पोरगी घराबाहेर निघाली ती अशी. मले निघावं लागलं तिच्या संग.

गुरुवार, १४ नोव्हे.

डाव बरा झाला. मले पत्ते निरे फालतू पडले, म्हनून पास पास करून अब्रू राह्यली.

वैशाली उठून घरी गेली दूध तापवायले. मास्तरही गेला. साहेब म्हने, ताई, दोन मिनिटं बसा. मले वाटलं पुन्हा दोन बदाम काढते का काय.

मास्तरचं सांगतलं. मेडशीचा हाय, इथल्या शाळेत सात वर्सं झाली. बायको वारली, लेकरूबाळ नाही, म्हातारी माय मेडशीले एकटी. वय एक्केचाळीस. वैशालीसाठी इचारते. तोंडानं इचारायची हिंमत नाही म्हनून साहेबाले पुढं केलं. उन्हाळ्यात त्याले मेडशीकडं बदली मागायची हाय, त्याचा अर्ज सोळा डिसेंबरले द्यायचा. त्याच्या आत समजलं तर बरं. म्हनजे वैशाली जाईन मेडशीले. दोन बसा बदला तेव्हा येते ते गाव.

मी म्हनली, मले कायले सांगता, तिले इचारा. साहेब म्हने, तुमी मोठ्या हायेत, पहिले तुमच्या कानावर. तुमी काढा विषय.

मास्तर कसा हाय ते मले माहीत नाही का. दारू नाही, गुटखा नाही. चहा आला का पहिला कप तिच्याकडं सरकवते, मंग मले. मले वाटे बुढीले गरम लागते म्हनून. जातीतला हाय, तेही निमित्त हाती नाही. अन् बाईचा पाट लावायची रीत आमच्यात पहिल्यापासून हाय, माह्या मावशीचा लागला होता, दुसऱ्या नवऱ्याजवळ बरी राह्यली ती. म्हनजे नाही म्हनायले मले जागाच नाही.

गौरीचं नाव साहेबानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

शुक्रवार, १५ नोव्हे.

आज सुरुवात केली. वै. मशीनवर ब्लाऊज शिवून राह्यली होती. मी तुरीची दाळ घेऊन जवळ बसली, खडे नव्हतेच तिच्यात. म्हनली, मास्तर मानूस चांगला हाय.

मशीन थांबली. ती म्हनली, हो, चांगले हायेत.

मशीन सुरू.

एवढंच झालं. मी एक किल्वर, तिनं एक इस्पिक. तिनं ‘कोनी इचारलं’ असं नाही म्हनलं, ‘असं काहून म्हनता’ असं नाही म्हनलं. म्हनजे तिले माहीत हाय. कधीपासून माहीत हाय, देव जाने.

अन् साहेबाचा नियम हाय, भिडूनं नवा रंग सांगतला का आपल्याले पास करता येत नाही. बोलाव लागते. आता बोल म्हातारे.

शनिवार, १६

नाही बोलली. मशीनजवळून चार वेळा गेली. एकदा तर तिनं पाय उचलला मशीनच्या पायट्यावरून, म्हनजे आता ही बोलन म्हनून. मी म्हनली, कोथिंबीर संपली.

काय म्हनू? कर लगन, खुशाल जा, आमची काळजी करू नको? असं म्हनायले अंगात जोर लागते, तो नाही. अन् ती इस्वास ठेवन अन् जाईन. घाई नाही, पाहू पुढं म्हनू? तर ती समजन सासू आडवी आली, अन् जन्मभर तोंडातून शब्द काढनार नाही. तशी हाय ती. दिनेशचे कपडे वाटून टाकायचे होते तेव्हाही दीड वर्स माह्या तोंडाकडं पाहत बसली होती.

रविवार, १७ नोव्हे.

त्या दिवसाच्या माह्या हातावरून आज साहेब अन् मास्तर भांडले. दोघं शिकलेले, पन असे भांडले जसं बांधावर भांडतात. साहेब म्हने तिथं दोन किल्वरच. पाच हायेत, बस झाले, हलकं बोलून थांबायचं. मास्तर म्हने एक बिनहुकूम, त्याच्यानं गुन बारा ते चौदा हे तरी समजते. साहेब म्हने इस्पिक एकटा असताना बिनहुकूम? मास्तर म्हने मंग पाच फाटक्या किल्वरावर दोन किल्वर? चहा थंड झाला.

मी इचारलं, मंग खरी बोली कोनती? साहेब हसले. म्हने, त्या हाताले खरी बोलीच नाही. तिन्ही थोड्या थोड्या खोट्या. कमी नुकसानीची पाहायची.

वैशाली पत्ते पिसून राह्यली होती. ती म्हनली, “मले आई काहीही बोलल्या तर चालते. फक्त तशा वेळी त्या तेच बोलतीन, दुसरं नाही, एवढं मले माहीत पायजे. मंग मी सांभाळून घेतो.”

मास्तर तिच्याकडं पाहत राह्यला. साहेबानंही मान हलवली. मंग म्हने, मंदा असती तर बिनहुकूमच बोलली असती, तीस वर्सं मी तिच्याशी त्याच्यावरून भांडलो. मंदा म्हनजे त्यायची बायको.

वै. पत्त्यायचं बोलली का कशाचं, ते कोनं सांगाव.

मंगळवार, १९

शिरपूरले फोन लावला. वैशालीची माय, माही इहीन. इकडचं तिकडचं झालं, सोयाबीनचा भाव, तिचे गुडघे, यात्रेकरूच्या गाड्यानं रस्ता कसा भरते ते. मंग म्हनली, बाई, असं असं हाय, तू माय हायेस, तू तिच्याजवळ बोलून पाह्य. माहं नाव घेऊ नको. मन काय म्हनते तिचं ते पाह्य फक्त.

ती म्हनली शुक्रवारी येतो.

डोक्यावरचं उतरलं. माय-लेकीत मोकळं बोलनं होते. मी मधात कायले.

शनिवार, २३ नोव्हे.

इहीन काल आली, आज सकाळच्या गाडीनं गेली. येताना बर्फी आनली होती. रात्री दोघी आतल्या खोलीत बसल्या. मी अन् गौरी बाहेर. गौरी म्हने, आजी, आवाज कमी करू का टीव्हीचा? मी म्हनली वाढव.

सकाळी इहीन गाडीत बसता बसता मले म्हनली, सांगतलं तिले चांगलं समजावून. काय सांगतलं ते वै. च्या बोलन्यातून आता समजलं. सांगतलं का सासूच म्हनते लगन कर. तिचं वय झालं, तिच्यानं आता तुह्यं अन् पोरीचं होत नाही, तिचं ओझं हलकं कर.

मी असं कधी म्हनली?

दुपारी वै. नं जेवन वाढलं. स्वतः नाही बसली. उभ्यानंच म्हनली, “आई, मी तुमाले जड झाली होती तर मले सांगाव. माह्या मायले फोन कायले. साहेब तुमाले चोरी म्हनले तेव्हा तुमी आठ दिवस जेवल्या नव्हत्या धड. अन् आता घरात तेच केलं.”

माह्या हातात घास तसाच. सांगाव म्हनली का नाही बाप्पा, मी असं नाही म्हनली. तर ती मोरीकडं गेली होती भांडे घेऊन.

पदर ओढायची सवय. साठ वर्साची सवय हाय, अशी जात नाही. पन आतापर्यंत पत्त्यातच हरत होती.

रविवार, २४ नोव्हे.

मले वाटलं नाही येनार खेळायले. आली. चप्पल घातली, कुलूप लावलं, चावी माह्या हाती दिली. सगळं न बोलता.

घरात दोन दिवसात जेवढं बोलली नाही तेवढं टेबलावर बोलली. एक इस्पिक. दोन चौकट. पास. डबल. साहेबाले काही समजलं नाही, मास्तरले समजलं असन, कारन तो आज चहा सरकवताना गडबडला अन् पहिला कप मले दिला. मी परत तिच्याकडं सरकवला. तिनं साहेबाकडं. साहेब पिऊन बसले.

अन् दैवाचा खेळ पाह्य, पुन्हा तसाच हात. इस्पिकची पंजी एकटी. बदाम चार, राजा-गुलामाचे. चौकट तीन, वर एक्का. किल्वर पाच, एक्का-रानी. गुन चौदा. मी एक किल्वर, ती एक इस्पिक.

हात तोच, पन आता समोरची भिडू माह्याशी बोलत नाही. सगळ्यायच्या नजरा माह्यावर. इतका वेळ घेतला का साहेब खाकरले, मंग स्वतःच म्हने, खाकरलो ते सर्दीनं, खून नाही.

मी दोन किल्वर बोलली. तिनं पास केलं. तिचे पत्ते मांडले. इस्पिक पाच, वर राजा. बदाम तीन, रानी. तीन फालतू चौकट. किल्वर दोनच, गुलाम अन् तिर्री. सहा गुन सगळे मिळून. दोन बदाम बोलली असती तर मेली असती बिचारी.

थ्यांक्यू म्हनायची पाळी माही होती. मी म्हनली. ती म्हनली, खेळा.

दोनची बोली म्हनजे सहावर दोन, आठ हात पायजे होते, आठ झाले. शेवटचा हात किल्वरच्या छोट्या पानानं. मी तिच्याकडं पाह्यलं. ती पत्ते गोळा करून राह्यली होती, पन हातात जरा घाई कमी होती. मी ओळखतो तिचे हात.

गुरुवार, २८

गौरी शाळेतून आली अन् दप्तर टाकून म्हनली, आजी, सर माहे बाबा होनार हायेत का? कोन म्हने? तर वर्गातल्या दोन पोट्ट्या म्हने. गाव हाय का आकाशवानी हाय.

मी म्हनली तुले काय वाटते. ती म्हने, सर गनितात लय मारतात. मंग म्हने, मारत नाहीत, रागावतात. मंग म्हने, आजी, तू कुठं राहशीन?

तिले शेंगदाने अन् गूळ दिला. अकरा वर्साची हाय, तोंड भरलं का प्रश्न थांबतात अजून. एखाद वर्सानं थांबनार नाहीत.

मले इथंच राहायचं हाय. कोठ्यात दोन शेळ्या हायेत, सकाळी कोन सोडन. त्याच्यापेक्षा मोठं कारन मले सांगता येत नाही.

रविवार, १ डिसेंबर

खेळून आली. वै. आता कामापुरती बोलते. मीठ घ्या. पानी आलं नळाले. मी तिच्या मागंमागं फिरून राह्यली कुत्र्यावानी, अन् ती वळली का मी दुसरीकडं पाहतो.

साहेबाले आज सांगतलं सगळं. इहिनीले फोन केला ते पन. वाटलं पुन्हा चोरी म्हनन. नाही म्हनले. म्हने, ताई, तुमच्या मनात काय हाय ते तुमाले माहीत हाय का? मी म्हनली, माहीत असतं तर शिरपूरले फोन कायले लावला असता. म्हने, मंग मंदाचं सांगतो. ती चुकीची बोली बोले, पन दर वेळी तीच चूक. मले कधी शोधाव नाही लागलं का हिच्या मनात काय. ती गेली तेव्हा मी दुसऱ्या भिडूसंग अमरावतीले खेळलो, तो मानूस बरोबर बोले. मले झोप नाही लागली.

त्यायचे डोळे भरले. मी म्हनली साहेब, चहा टाका आता, आमी पाहुनेच हाओत का.

मालक गेले अन् मले एकोनतीसव्या वर्सी म्हातारपन आलं. दिनेश तीन वर्साचा होता. तेव्हा कोनं इचारलं नाही का बाई तुह्या मनात काय. इचारलं असतं तर मी काय सांगतलं असतं, तेही माहीत नाही. पन इचाराव तर कोनी.

शुक्रवार, ६ डिसेंबर

साहेब सकाळीच विहारात. पांढरे कपडे. जाताना हात केला. काल गुरुवारी डाव नव्हता, तेव्हा रविवारपासून तिच्या तोंडून एक इस्पिकही ऐकलं नाही.

मास्तर आज रस्त्यात भेटला. सायकल थांबवली. म्हने, मावशी, तुमाले त्रास झाला असन तर मी माघार घेतो. मी म्हनली, माघार घेनारा मानूस मले चालत नाही. मंग घरी आल्यावर वाटलं, हे मी काय बोलली? हो म्हनली का काय मी त्याले? माह्या तोंडाले काही ताळतंत्र नाही.

त्याले मंग निरोप धाडला का मी हो नाही म्हनली अन् नाहीही नाही म्हनली. गौरीच्या हाती नाही धाडला. स्वतः गेली शाळेपर्यंत. चालली म्हनून गुडघा दुखून राह्यला. पन आता निरोप कोनाच्या हाती द्यायचा नाही, हे ठरवलं.

मंगळवार, १० डिसें.

वै. ले ताप. एकशेदोन. तीन दिवस मशीन बंद. मी कपायावर पट्ट्या ठेवल्या, मुगाचं पानी केलं. ती डोळे मिटून पडली होती. मी उठली का पदर धरे. तापातलं ते, तापात मानूस काहीही धरते.

गौरीची वेनी घातली आज मी. ती म्हने, आजी, तिरपी झाली. झाली तर झाली.

गुरुवार, १२

ताप उतरला. डाव रद्द. मास्तरनं संत्री पाठवली साहेबाच्या हाती. साहेब म्हने, हे पाठवनं बोलीत धरू नका, फळं हायेत.

वै. पहिल्यांदा हसली. किती दिवसानं.

रविवार, १५ डिसेंबर

उद्या मास्तरचा अर्ज.

जेवन झाल्यावर मी मशीनसमोर पाट घेऊन बसली. दाळ नव्हती हाती, काही नव्हतं. मी म्हनली, वैशाली, मशीन बंद कर. तिनं केली.

मी लिहून ठेवलं होतं काय बोलायचं, वहीत, मागच्या पानावर. ते नाही बोलली. जे बोलली ते असं.

“तुह्या मायले फोन केला ते माहं चुकलं. तू जड हाय असं मी कधी बोलली नाही अन् माह्या मनातही नाही. माह्या मनात दोन गोष्टी हायेत, अन् त्या दोन्ही एका तोंडातून निघत नाहीत, म्हनून महिनाभर मी तोंड लपवून राह्यली. एक, तू अन् गौरी गेल्या तर ह्या घरात मी कोनावर ओरडू. दुसरं, तू छत्तीस वर्साची हाय. माह्यासारखी चाळीस वर्सं भिंतीकडं तोंड करून झोपू नको. आता यातून एकच बोलायचं तर मी दुसरं बोलतो. लगन कर. गौरीले घेऊन जा. मले ते आवडनार नाही, अन् मी आडवी येनार नाही. असं नेहमी समज. उद्या मी तोंड वाकडं केलं, रडली, जेवली नाही, तरी असंच समज.”

तिनं मशीनखालचं कापड काढून मांडीवर घेतलं. मंग म्हनली, अन् मले नाही करायचं असन तर?

मी म्हनली, तर नको करू. पन माह्यासाठी म्हनून नाही म्हनशीन तर मी तुह्या हातचं पानी पेनार नाही.

ती म्हनली, मेडशीच्या बायाचे ब्लाऊज कोन शिवत असन. मले समजलं नाही, हे हो हाय का थट्टा. मी इचारलंही नाही. दोऱ्याचं टोक दातानं तोडलं तिनं अन् म्हनली, उद्यापर्यंत सांगतो.

मी बाहेर येऊन तीन कामं केली. साहेबाच्या ओसरीवर जाऊन सांगतलं का तुमी मधात बोलू नका. शिरपूरले फोन लावून इहिनीले सांगतलं का तू फोन करू नको. गौरीले बसवून सांगतलं का मायनं काही सांगाले पाठवलं तरी तू तोंड उघडायचं नाही, जाऊन खेळायचं. मास्तरले अजून काही सांगतलं नाही. त्यानं उद्या दुपारपर्यंत अर्ज हातात धरून बसाव.

आता बोलायची पाळी वैशालीची. तिनंच बोलायचं, स्वतःच्या तोंडानं, अन् पहिले मले.